‘जर्मन केमिकल’च्या नावाखाली बादलीतली पावडर : गाडीच्या इंटिरिअर क्लिनिंगमध्ये झालेली फसवणूक

गणपतीला गावी निघायच्या आधी गाडी आतून धुवून घ्यायची घाई पुण्यात बऱ्याच जणांना असते. त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. माझे २,२०० रुपये गेले. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की दम्याचा त्रास असलेल्या आईला त्या कुबट वासाच्या गाडीत बसवणं शक्यच नव्हतं आणि ऐन सणाच्या गर्दीत आम्हाला भाड्याची गाडी शोधावी लागली.

वॉशिंग सेंटरच्या बोर्डवर ‘फोम ड्राय क्लीन, स्टीम, जर्मन केमिकल’ असं लिहिलेलं होतं. मालकांनी कामाचा क्रमही नीट समजावून सांगितला. ‘‘ताई, आधी व्हॅक्यूम, मग केमिकलचा फोम, मग मशीनने सगळं पाणी ओढून घेतो. संध्याकाळी गाडी एकदम कोरडी मिळेल.’’ मशीन कोपऱ्यात ठेवलेलं मी पाहिलंही. संध्याकाळी ठरल्या वेळेच्या जरा आधी पोचले, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांसमोर घडलं. तिथल्या मुलाने कपडे धुण्याच्या पावडरचा पुडा दातांनी फाडला, अर्धा बादलीत ओतला, हाताने घुसळला आणि ते पाणी नरसाळ्याने इंग्रजी लेबलच्या स्प्रे बाटलीत भरलं. मागची सीट आधीच चिंब झालेली होती. पुढच्या सीटखाली तर त्याने मगाने पाणी ओतलं होतं. मशीनची वायर गुंडाळलेलीच होती आणि तिच्यावर धूळ बसली होती.

मी तिथेच विचारलं. मालक म्हणाले, ‘‘सगळीकडे हेच वापरतात ताई, उद्या उन्हात लावा, वाळेल.’’ भाद्रपदाच्या तोंडावर ऊन! पूर्ण पैसे दिल्याशिवाय किल्ली मिळेना आणि बिल मागितलं तर ‘‘आम्ही बिल देत नाही’’ हे उत्तर. मी यूपीआयने पैसे भरले, ‘कशाबद्दल’ या रकान्यात ‘इंटिरिअर ड्राय क्लीन’ असं लिहिलं आणि बादलीचे, पुड्याचे, ओल्या सीटचे फोटो काढून ठेवले. पुढे हेच फोटो कामी आले.

साबणाला माझा विरोध नाही. घरच्या साबणाच्या अगदी सौम्य पाण्याने सीट पुसता येते, मीही पुसते. प्रश्न दोन आहेत. ज्याचे पैसे घेतले ते केलंच नाही, हा पहिला. दुसरा जास्त गंभीर आहे : साबण आत घातला, पण बाहेर काढलाच नाही. कपडे आपण खळबळून पिळतो, सीट पिळता येत नाही. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, पांढरेपणा दाखवणारी द्रव्यं असतात. पाणी उडून जातं, ही सगळी तिथेच राहतात. काळपट कापडावर त्याचे पांढरे डाग उठतात आणि राहिलेला साबण चिकट असल्यामुळे धूळ पुन्हा पटकन धरतो. त्यात बोअरचं जड पाणी असेल तर क्षारांची भर वेगळीच. माझ्या मागच्या सीटच्या शिवणीलगत वाळल्यावर खडूने ओढावी तशी वेडीवाकडी पांढरी रेघ उमटली. ओलं पांढरं फडकं त्यावर दाबून चोळलं तर फडक्याला फेस आला. गाडी धुऊन आणल्यावर ही परीक्षा प्रत्येकाने करून बघावी. फेस आला म्हणजे साबण आतच आहे.

खरा घात मात्र कार्पेटखाली होतो. वरचं कार्पेट बहुतेक गाड्यांत कृत्रिम धाग्याचं असतं, ते लवकर वाळतं आणि आपल्याला वाटतं काम झालं. त्याच्याखाली फेल्ट किंवा फोमचा जाड थर असतो. तो पाणी धरून ठेवतो, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत बंद गाडीत ते उडून जायला वाव नसतो. मग बुरशी धरते. आमच्या ओळखीच्या सीट-कव्हरवाल्या काकांनी सीट काढून कार्पेट उचललं तेव्हा खालचं फेल्ट दाबताच पाणी सुटलं, गढूळ आणि अजूनही साबणाच्या वासाचं. फेल्ट कापून टाकावं लागलं.

याच्याच जोडीला डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला. पुढच्या सीटखाली पिवळे कनेक्टर दिसतात, ते एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेचे असतात. त्यात ओल शिरली होती. ते काम सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्यावं लागलं. तिथे घरी हात घालू नका, बॅटरी जोडलेली असताना तर मुळीच नाही. हा दिवा पेटलेला असताना अपघात झाला तर एअरबॅग उघडेलच याची खात्री नसते. पुडाभर पावडरीमुळे गाडीतल्या माणसांच्या जिवाशी खेळ होतो, याचा मला संताप आहे.

गाडी द्यायची झाली तर काम चालू असताना तिथे थांबा. मशीन पाणी ओढून घेतं म्हणतात ना, मग त्याच्या टाकीतलं मळकं पाणी दाखवा म्हणावं. खरोखर काम झालं असेल तर टाकी काळ्या पाण्याने भरलेली असते. किल्ली घेण्याआधी पायाखालच्या मॅट उचलून टिश्यू पेपर जोरात दाबून बघा. घरी करणार असाल तर पावडर नको. नाजूक कपड्यांचं लिक्विड चमचाभर, अर्धी बादली पाण्यात. फडकं घट्ट पिळून पुसा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने तितक्याच वेळा पुसा आणि दारं उघडी ठेवून टेबलफॅन लावा. पाणी ओतायचं नाही, कुठेच.

फसवणूक झालीच असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे त्या दुकानात उभं राहून सांगा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि आपण सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर मालकांनी धुण्याचे पैसे परत केले. फेल्टचा आणि कनेक्टरचा खर्च मात्र ‘आमचा संबंध नाही’ म्हणून नाकारला. सीटवाल्या काकांनी काय काय निघालं ते लिहून, सही करून दिलं आहे. सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर ‘सीटखालच्या कनेक्टरमध्ये ओलावा’ अशी नोंद आहे. हे दोन्ही कागद आणि ते फोटो जोडून आयोगाकडे द्यायचा अर्ज तयार करते आहे.