मागून बसणारी, उसळणारी घरी बांधलेली गाडी: शॉकअप सरळ केल्यानंतरचा अनुभव

घरी बांधलेली गाडी मागून बसत असेल आणि खड्ड्यानंतर डुलत राहत असेल, तर बहुतेक जण एकच उपाय सांगतात: जाड स्प्रिंग टाका. पावसाळा उलटून आता शिमगा तोंडावर आलाय, एवढे महिने गाडी वापरल्यावर माझं मत वेगळं झालंय. आधी शॉकअप किती तिरका बसवलाय ते बघा. स्प्रिंग त्यानंतर.

गाडीची ओळख थोडक्यात. १९५७ साली आलेल्या लोटस सेव्हन या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवरची, किटमधून (सुट्या भागांच्या संचातून) बांधलेली, चौकोनी पाइपची चेसिस, दोन माणसांची. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल) मारुती ओम्नीचं. ओम्नी १९८४ पासून २०१९ पर्यंत बनत होती, त्यामुळे तिचे पार्ट तालुक्याच्या बाजारातही मिळतात. कोकणात राहून गाडी बांधणाऱ्याला हा फार मोठा आधार आहे. ओम्नीत हे हाउसिंग पाट्यांच्या स्प्रिंगवर असतं. किटमध्ये पाट्यांऐवजी लांब दांड्या, हाउसिंगला बाजूला सरकू न देणारा एक आडवा पॅनहार्ड रॉड आणि स्प्रिंगवाले शॉकअप दिलेले होते. अशा गाडीला आपल्याकडे नंबर मिळणं सोपं नाही. म्हणून ती सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आमच्या स्वतःच्या जागेतच फिरते आणि अधूनमधून ट्रेलरवर चढवून आंबा घाटातून कोल्हापूरच्या ट्रॅकवर जाते. सार्वजनिक रस्त्यावर किंवा पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूवर) ती घालत नाही, तुम्हीही घालू नका.

तक्रार अशी होती की दोघे बसले की मागची चाकं मडगार्डखाली गडप व्हायची. कातळावरच्या साध्या खळग्यातसुद्धा मागून ‘थाड’ असा आवाज यायचा आणि त्यानंतर गाडी तीन-चार हेलकावे घेत राहायची. वळणात हे झालं की मागचं चाक पकड सोडायचं, आणि ते धोक्याचं होतं. शॉकअप काढून पाहिले तेव्हा त्यांच्या दांडीवरचा, चाल संपताना धक्का झेलणारा स्टॉपर रबर चेपून अळंबीसारखा पसरलेला होता, कडा फाटलेल्या आणि वरची बाजू घासून चकचकीत झालेली. म्हणजे तो रबर खड्ड्यापुरता नाही, सतत काम करत होता.

मग मोजमाप केलं. काजूच्या वखारीतला प्लॅटफॉर्म काटा मागून घेतला. एक चाक काट्यावर आणि बाकीची तीन चाकं काट्याच्या उंचीइतक्या रचलेल्या चिऱ्यांवर. गाडी समपातळीत नसेल तर वजन चुकीचं येतं. दोघे बसलेले असताना मागच्या दोन चाकांवर मिळून सुमारे ३६० किलो भरलं. त्यातून हाउसिंग, चाकं, ब्रेक ड्रम असं स्प्रिंगच्या खालचं वजन अंदाजे ८० किलो वजा केलं, तर एका स्प्रिंगच्या वाट्याला १४० किलो येतात.

स्प्रिंग मिलिमीटरला २ किलोची होती. कागदावर ती पुरेशी वाटते: १४० किलोला ७० मिमी दबेल. पण शॉकअप उभ्यापासून ४५ अंशांत कललेला होता. कललेल्या स्प्रिंगचं नुकसान दोनदा होतं. एक तर तिच्या जोराचा काही भागच वर ढकलतो, आणि दुसरं, चाक जितकं हलतं त्याहून स्प्रिंग कमी दबते. त्यामुळे कोनाच्या कोसाइनचा वर्ग लागतो. ४५ अंशांना हा वर्ग बरोबर अर्धा येतो. म्हणजे चाकापाशी स्प्रिंग मिलिमीटरला १ किलोचीच, गाडी १४० मिमी बसणार आणि शॉकअपची त्यातली जवळजवळ १०० मिमी चाल उभ्या गाडीतच संपणार. एकूण चाल ११० मिमी आणि स्टॉपर २५ मिमी उंच. रबर का चेपला होता ते या आकड्यांतच आलं.

उसळण्याचं कारणही बरंचसं याच कोनात होतं. जुने शॉकअप साधे ट्विन-ट्यूब, म्हणजे नळीत नळी असलेले, होते. त्यांत आतल्या नळीभोवती तेलाचा साठा असतो आणि वर हवा. असा शॉकअप फार आडवा पाडला की खालचा व्हॉल्व्ह तेलाबरोबर हवाही ओढू शकतो, आणि सततच्या धक्क्यांत तेलाचा फेस होतो. फेसाला हालचाल रोखता येत नाही. त्यात रबर दबून परत फेकणार, मग गाडी डुलणारच. नुसती जाड स्प्रिंग टाकली असती तर गाडी उचलली गेली असती, पण उसळी वाढली असती, कारण जाड स्प्रिंगला आवरायला डँपरही (शॉकअपमधला तेलाचा, हालचाल रोखणारा भाग) तितकाच जोरकस लागतो.

वरची रिंग फिरवून उंची वाढवण्याचा सल्लाही खूप मिळतो. त्याने गाडी वर येते हे खरं, पण स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. फक्त ती आधीपासून थोडी दाबलेली असते. थोडी उंची जुळवायला रिंग ठीक आहे, बसणाऱ्या गाडीचा इलाज म्हणून नाही.

प्रत्यक्ष काम असं झालं. वरचे ब्रॅकेट कापून बाहेरच्या बाजूला नव्याने वेल्ड केले, आतून त्रिकोणी पट्टीचा आधार देऊन. कोन २५ अंशांवर आला. २५ अंशांच्या कोसाइनचा वर्ग ०.८२, म्हणून स्प्रिंग थोडीशीच वाढवली, मिलिमीटरला २.२ किलो. आता चाकापाशी १.८ किलो मिळतात, गाडी साधारण ७८ मिमी बसते आणि शॉकअपची ४० मिमी चाल शिल्लक राहते. स्प्रिंग करून घेताना तारेची जाडी नीट तपासा: कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे पाव मिलिमीटरचा फरकही जाणवतो. आणि स्टॉपर पूर्ण दबण्याआधी स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, हे बसवण्याआधीच पाहून घ्या. शॉकअप गॅस भरलेले मोनोट्यूब (एकाच नळीचे, तेल आणि गॅस वेगळे ठेवणारे) घेतले, दबल्यावर परत उलगडण्याचा वेग स्क्रूने कमी-जास्त करता येतो असे. एकूण खर्चात मोठा वाटा त्यांचाच. वेल्डिंग सगळ्यांत स्वस्त पडलं.

मागची बाजू सहा सेंटिमीटर वर आली की बाकीची गणितंही बदलतात, हे कोणी सांगत नाही. माझ्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर सव्वादोन मीटर, त्यामुळे पुढचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे असलेला कल) दीड अंशाने कमी झाला आणि स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येईना. तो पुन्हा लावून घेतला. प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचे कोन तपासले, पॅनहार्ड रॉड परत आडवा केला, मागचा ब्रेक होज पूर्ण चालीत ताणला जात नाही ना ते पाहिलं. रबरी बुशचे बोल्ट गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच आवळावेत. जॅकवर आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

आता अनुभव. हेलकावे थांबले आहेत. खळग्यातून गेल्यावर गाडी एकदा वर येते आणि बसते. शॉकअपच्या दांडीवर बारीक केबल टाय अडकवून ठेवला आहे. फेरी झाल्यावर तो कुठवर सरकला ते पाहून चाल किती वापरली गेली ते कळतं. सड्यावर दोघे बसून वेगात गेलो तरच तो स्टॉपरपर्यंत पोचतो. ट्रॅकवर ब्रेक मारून वळताना मागची बाजू शांत राहते, आणि माझ्या मुलीने शेजारच्या सीटवरून पहिल्यांदाच ‘बाबा, अजून एक फेरी’ म्हटलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

उणिवाही आहेत. एकटा असलो की गाडी कडक वाटते. स्प्रिंग दोघांच्या वजनाला धरून आहे, त्यामुळे वजन कमी झालं की धक्के थेट कंबरेत येतात. परतीचा स्क्रू थोडा सैल केल्याने फरक पडतो, पण पूर्ण नाही.

दुसरी अडचण आपल्या हवेची. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिमीहून जास्त पाऊस, वर खारा वारा आणि तांबडी माती. हाउसिंगच्या लांब दांड्यांच्या टोकांना किटबरोबर आलेले उघडे बॉल जॉइंट गणपतीपर्यंतच खडखडायला लागले; ते काढून रबरी बुश घातले आणि आवाज गेला. ट्रॅकवर कदाचित बॉल जॉइंट नेमके वाटतील, इथे टिकत नाहीत. शॉकअपच्या आट्यांत माती भरून रिंग जाम झाली, तेल सोडून रात्रभर ठेवल्यावर फिरली. चिखल अडवायला सायकलची ट्यूब कापून शॉकअपच्या दांडीवर चढवली होती, पण आत ओलावा धरून दांडीवर बारीक डाग पडू लागले म्हणून काढून टाकली. दांडीवर गंजाचा खड्डा पडला की तो ऑइल सील कापतो आणि महागडा शॉकअप गळायला लागतो. त्यापेक्षा फेरीनंतर साध्या पाण्याने धुऊन, पुसून आट्यांना ग्रीस लावणं बरं. प्रेशरच्या पाण्याची धार मात्र सीलवर मारू नये.

ट्रेलरवर बांधताना पट्टे चेसिसला नाही, हाउसिंगला लावतो. चेसिसला आवळले तर घाटभर शॉकअप दाबलेले राहतात आणि धक्क्यासरशी पट्टेही सैल होतात.

नवीन वेल्डवर झिंक प्रायमर आणि वर दोन हात रंग दिला होता. एका ब्रॅकेटच्या खालच्या कडेला रंग फुगू लागलाय. मृगाआधी तेवढी जागा घासून पुन्हा रंगवणार आहे आणि त्याच वेळी दोन्ही शॉकअप उतरवून सील तपासणार आहे.