परिषदेतला हेडशॉट बूथ: कुठल्या रांगेत थांबावं, कुठून निघावं

गोरेगावचं बॉम्बे एक्झिबिशन सेंटर असो की बीकेसीतलं जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर, मोठ्या व्यावसायिक परिषदांमध्ये चहापानाच्या जागेजवळ हेडशॉटचा, म्हणजे डोकं-खांद्यांच्या व्यावसायिक फोटोचा, एक कोपरा दिसू लागला आहे. राखाडी पडदा, दोन लाइट, स्टँडवर लॅपटॉप आणि समोर लेनयार्ड (गळ्यातली ओळखपत्राची पट्टी) सावरत उभी असलेली माणसं. बूथ चांगला असेल, तर इथे तीन मिनिटांत निघालेला फोटो पुढची दोन-तीन वर्षं लिंक्डइनवर, वक्त्यांच्या यादीत आणि कंपनीच्या वेबसाइटवर निर्धास्त वापरता येतो. वाईट असेल, तर पासपोर्ट फोटोच मोठा करून हातात दिल्यासारखं होतं. कॅमेरा दोन्हीकडे बहुधा सारखाच असतो. फरक पडतो तो जागेमुळे, लाइटमुळे आणि सगळ्यात जास्त समोरच्या माणसाला उभं कसं करायचं हे फोटोग्राफरला येतं की नाही, यामुळे.

आधी जागेचं बघू, कारण बरेच बूथ इथेच फसतात. प्रदर्शनातला साधा स्टॉल ३ बाय ३ मीटरचा. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स लावून डोकं आणि खांदे नीट बसवायचे, तर कॅमेरा माणसापासून साधारण पावणेदोन मीटर लांब हवा. पडद्यावर सावली पडू नये म्हणून माणूस पडद्यापासून किमान सव्वा मीटर पुढे हवा, आणि फोटोग्राफरला मागे उभं राहायला अर्धा मीटर तरी लागतो. बेरीज किमान साडेतीन मीटर होते. तीन मीटरात हे बसत नाही, मग ३५ किंवा ५० मिमी लेन्स लावून कॅमेरा चेहऱ्याच्या जवळ आणला जातो. नाक मोठं दिसतं, कान मागे जातात, गाल फुगतात. आपला फोटो आपल्यासारखा वाटत नाही, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. जाणकार फोटोग्राफर अशा स्टॉलमध्ये तिरका सेट लावतो. कर्ण सव्वाचार मीटरचा असतो, कोपऱ्यात पडद्याऐवजी १.३५ मीटर रुंदीचा कागदी रोल आडवा लावला की त्याच्यासमोर साडेतीन मीटर जागा उरते आणि काम जेमतेम पण नीट होतं. आयोजकांना जमत असेल तर ४.५ बाय ३ मीटर जागा द्यावी, म्हणजे ही कसरत करावी लागत नाही.

लाइटची रचना बहुतेक ठिकाणी एकच असते आणि ती योग्यही आहे. ९० ते १२० सेंटिमीटरचा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) डोळ्यांच्या थोडा वर, चेहऱ्यापासून साधारण एक मीटरवर. आणि खाली छातीच्या पातळीला रिफ्लेक्टर (उजेड परत फेकणारा फलक) किंवा दुसरा, बराच मंद लाइट. वरचा लाइट चेहऱ्याला आकार देतो, खालचा डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणि हनुवटीखालची सावली हलकी करतो. माणूस बदलला तरी सेट हलवावा लागत नाही, म्हणून रांगेच्या कामाला हीच रचना बरी. मात्र गोल चेहऱ्यावर ती सपाट पडते. अशा वेळी वरचा लाइट एका बाजूला अर्ध्या मीटरने सरकवून रिफ्लेक्टर खाली करणारा फोटोग्राफर दिसला, तर तो चेहरा बघून काम करतोय असं समजा.

हॉलच्या उजेडाचा त्रास वेगळाच. छतावरचे एलईडी एका रंगाचे, शेजारच्या स्टॉलची एलईडी भिंत जांभळी, आणि त्यात फ्लॅश. शटर १/१६० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ ८, आयएसओ (उजेडाला संवेदनशीलता) १०० अशी सेटिंग असली की हॉलचा उजेड जवळपास पुसला जातो आणि फोटोत फक्त फ्लॅश उरतो. आयएसओ ८०० आणि एफ २.८ वर काम चाललं असेल, तर एका गालावर जांभळी छटा आणि मानेखाली हिरवट सावली आलीच म्हणून समजा, आणि ती प्रत्येक फोटोत वेगळी असल्याने नंतर एकगठ्ठा काढताही येत नाही. आयोजकांना एक सोपी चाचणी करता येते. फ्लॅश बंद ठेवून त्याच सेटिंगवर एक फोटो काढायला सांगा. तो जवळजवळ काळा आला पाहिजे.

आता पोझचं. ‘सरळ उभे राहा, इकडे बघा, हसा’ एवढंच ऐकू येत असेल, तर रांगेतून निघायला हरकत नाही. नीट दिग्दर्शन करणारा माणूस पायांपासून सुरुवात करतो: पाय कॅमेऱ्यापासून जरा तिरके, वजन मागच्या पायावर, खांदे सैल, चेहरा परत कॅमेऱ्याकडे. मग ‘कपाळ माझ्याकडे आणा आणि हनुवटी थोडी खाली घ्या.’ आरशात हे विचित्र दिसतं, पण कॅमेऱ्यात जबड्याची रेघ मानेपासून सुटी दिसते. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो, डोकं मागे ओढतो आणि नसलेली दुहेरी हनुवटी तयार होते. डोळ्यांसाठी अमेरिकेतल्या पीटर हर्ली या हेडशॉट फोटोग्राफरने लोकप्रिय केलेली युक्ती आता सगळीकडे पोहोचली आहे: मुख्यतः खालची पापणी किंचित आवळायची. विस्फारलेले डोळे बावरलेले वाटतात, हे डोळे आत्मविश्वासाचे. आणि ‘हसा’ म्हटलं की दात दिसतात पण डोळे हसत नाहीत. म्हणून चांगला फोटोग्राफर बोलत राहतो आणि वाक्य संपल्यानंतरचा क्षण टिपतो.

कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडलेला असणं आम्ही सक्तीचं मानतो. पाच-सहा फोटो झाले की स्क्रीनवर बघायचं, कॉलर वाकडी आहे, डावा खांदा वर आहे, हे तिथेच सुधारायचं, मग पुन्हा पाच-सहा. पसंती तिथेच झाली की पुढचा पत्रव्यवहारही वाचतो.

सोबत मदतनीस आहे का, हेही बघा. एकट्या फोटोग्राफरकडून तपशील सुटतात. लेनयार्ड काढल्यावर कोटाच्या कॉलरला पडलेली घडी, खांद्यावरचा कोंडा, टायची बाजूला सरकलेली गाठ. मदतनिसाकडे आरसा, कंगवा, चिकट रोलर, टीपकागद, बिनरंगी पावडर आणि सेफ्टी पिना हव्यात. कपाळावरची चकाकी आधी टिपायची आणि मग पावडर लावायची. घामावरच पावडर लावली तर तिचे थर दिसतात. साडी असेल तर पदराच्या निऱ्या खांद्यावर सारख्या करून पिन मागच्या बाजूने लावावी लागते, नाहीतर शरीर तिरकं केल्याबरोबर वरची निरी सुटून गळ्याशी फुगते. जरीचा काठ थेट सॉफ्टबॉक्ससमोर आला तर पांढरा पट्टा दिसतो, तेव्हा शरीर दुसऱ्या बाजूला वळवायचं. मंगळसूत्र किंवा साखळी मधोमध आहे का, हे शटर दाबण्याआधी बघायचं. बारीक चौकटीच्या शर्टावर फोटोत इंद्रधनुषी लाटा उमटू शकतात. त्या दिवशी साधा शर्ट घालून जाणं उत्तम.

चष्म्याचं थोडं सविस्तर, कारण पुष्कळ फोटो इथे वाया जातात आणि इलाज दहा सेकंदांचा असतो. काचेत सॉफ्टबॉक्सचा पांढरा अष्टकोन दिसतो, कारण उजेड ज्या कोनात आदळतो त्याच कोनात परत फिरतो. लाइट पंधरा-वीस सेंटिमीटर वर घ्यायचा, खालचा रिफ्लेक्टर उतरवायचा आणि चष्म्याच्या काड्या कानावर थोड्या उचलायच्या, म्हणजे काचा खाली झुकतात आणि चकाकी फ्रेमच्या बाहेर जाते. फार उचलल्या तर फ्रेमची वरची कड बुबुळावर येते, म्हणून अर्धा सेंटिमीटर पुरे. ‘चष्मा काढा’ हा इलाज नाही. रोज चष्मा लावणाऱ्याला चष्म्याशिवाय ओळखणार कोण?

रिटचिंगबद्दल, म्हणजे फोटो नंतर संगणकावर सुधारण्याबद्दल, आमचं मत ठाम आहे. त्या दिवसापुरती पुटकुळी, उडालेले केस, कोटावरचा धागा काढावा. तीळ, व्रण, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या राहू द्याव्यात, फार तर थोड्या सौम्य कराव्यात. आणि रंग उजळायचा नाही. आपल्याकडे चेहरा गोरा करून देण्याची सवय अजून अनेक ठिकाणी आहे, न विचारता, जणू ती सेवेचाच भाग आहे. सावळ्या माणसाचा हात गव्हाळ आणि चेहरा गोरा, असा फोटो कंपनीच्या पानावर लागणं हा त्या माणसाचा अपमान आहे. नमुने बघताना वेगवेगळ्या वर्णांचे चेहरे आहेत का आणि ते आपापल्या रंगात आहेत का, हे जरूर बघा. ज्याच्या नमुन्यात सगळे एकाच उजळ छटेचे आहेत, त्याला काम देऊ नका.

वेळेचा हिशेब आयोजक नेहमी चुकवतात. माणशी तीन मिनिटं धरली की कागदावर तासाला वीस जण होतात. कोट घालणं, केस, फोटोची निवड, नाव-ईमेल भरणं धरलं की चौदा-पंधरा. म्हणजे अर्ध्या तासाच्या चहाच्या सुट्टीत सात-आठच. बूथ सत्रं चालू असतानाही उघडा ठेवावा आणि वेळा आधी वाटून द्याव्यात. वार्षिक अहवालासाठी, दोन-तीन पोशाखांत किंवा पूर्ण संचालक मंडळाचे एकसारखे फोटो हवे असतील तर मात्र बूथच्या नादी लागू नये, त्यासाठी स्टुडिओत माणशी पाऊण तास राखून ठेवावा. सेल्फीवरून एआयने बनवलेल्या फोटोची शिफारस आम्ही करत नाही. दात, कान, त्वचेचा पोत बदलतो, आणि परिषदेत लोक तुम्हाला समोरासमोर भेटणार असतात.

फाइल मिळताना एसआरजीबी (स्क्रीनसाठीची प्रमाणित रंगपद्धत) जेपीईजी, लांब बाजू किमान ३००० पिक्सेल, अशी मागा. लिंक्डइनला ४०० बाय ४०० पुरतं, पण ४ बाय ५ इंचाच्या छपाईला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १२०० बाय १५०० पिक्सेल लागतात. लिंक्डइन फोटो गोल कापतं, म्हणून डोक्यावर मोकळी जागा असलेली एक फाइल वेगळी घ्या. व्हॉट्सॲपवर आली तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर ती दाबून लहान होते.

हक्कांचा मुद्दा फारसा कुणी विचारत नाही, तो विचाराच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर ज्याच्या सांगण्यावरून तो काढला तो पहिला हक्कदार. परिषदेत पैसे प्रायोजक देतो. त्यामुळे तुम्हाला फोटो कुठेही, कायम वापरता येईल, असं बूथच्या अटींत लिहिलेलं असावं. ईमेल पत्ता फोटो पाठवण्यासाठी घेतला असेल तर प्रायोजकाच्या जाहिरातींची संमती त्याच टिकच्या खुणेत गुंडाळलेली नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती विशिष्ट कारणापुरतीच असावी लागते.

दरपत्रक मागवताना दर दिवसावर आहे की माणशी, रिटच केलेले फोटो माणशी किती आणि १८ टक्के जीएसटी धरला आहे का, हे लिहून घ्या. दुसरा फ्लॅश, ट्रिगरची (कॅमेऱ्यावरून फ्लॅश पेटवणाऱ्या बिनतारी उपकरणाची) दुसरी जोडी आणि जादा बॅटऱ्या सोबत आहेत का, तेही विचारा. बॅटरीवरचे फ्लॅश असतील तर स्टॉलच्या वीजजोडणीवर अवलंबून राहावं लागत नाही आणि चहाचे कप घेऊन फिरणाऱ्या गर्दीत जमिनीवर वायरही आडवी येत नाही.