पॅच टेस्ट न करताच ‘केली’ लिहिलं: मायक्रोब्लेडिंगच्या नावाखाली झालेली फसवणूक

मायक्रोब्लेडिंगमध्ये, म्हणजे बारीक ब्लेडने चिरा पाडून भुवयांत रंग भरून घेताना, फसले म्हटलं की सगळे एकच विचारतात, “का, आकार बिघडवला?” आकार बिघडलाच, पण ते नंतरचं. खरी फसवणूक ब्लेड कातडीला लागण्याआधीच उरकली होती. आयब्रो, लिप ब्लश (ओठांत रंग भरणं) किंवा असलं काही सेमी-परमनंट करून घ्यायचा विचार असेल, तर पुढचं वाचाच.

स्टुडिओची खोली दिसायला झकास. पांढरीशुभ्र भिंत, रिंग लाइट, मंद संगीत आणि सुगंधी मेणबत्ती. (जिथे कातडीला चिरा पाडायच्या तिथे मेणबत्ती कशाला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.) ट्रॉलीवर निळा दिवा लागलेला एक डबा होता. “मॅडम, आमच्याकडे सगळं स्टरलाइज केलेलं असतं,” असं म्हणत बाईंनी त्यातूनच हँडल काढलं. ब्लेड त्यात आधीच बसवलेलं होतं. पाकीट कुठे दिसलं नाही, फाडल्याचा आवाजही नाही. मी विचारलं, तर उत्तर तयार: “तुम्ही यायच्या आधीच उघडलं ना, तुमचा वेळ वाचावा म्हणून.” बिलात मात्र ‘वन-टाइम किट’ म्हणून वेगळी रक्कम लावली होती.

त्या निळ्या डब्याबद्दल सांगते, कारण तो अनेक ठिकाणी दिसतो. त्यात हत्यार निर्जंतुक होत नाही. उजेड जिथे थेट पडतो तेवढ्यापुरताच त्याचा उपयोग. चिमट्याच्या सांध्यात, खाचेत तो पोचत नाही. पुन्हा वापरायची धातूची हत्यारं ऑटोक्लेव्हमध्येच जायला हवीत, दाबाखालच्या वाफेत, १२१ अंश सेल्सियसला निदान १५ मिनिटं. आणि ब्लेड तर पुन्हा वापरायचंच नसतं. सीलबंद पाकीट, त्यावर लॉट नंबर आणि एक्स्पायरी, ते तुमच्या डोळ्यांदेखत फाडायचं आणि काम झालं की ब्लेड टणक, झाकणाच्या शार्प्स डब्यात टाकायचं. हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान ७ दिवस जिवंत राहतो. म्हणूनच बेडवर, दिव्याच्या दांड्यावर, हात लागेल त्या प्रत्येक जागेवर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवं प्लॅस्टिक चढवतात. इथे बाईंनी ग्लोव्ह्ज घातले, त्याच हातांनी फोन उचलला, कोणाला तरी उद्याची वेळ दिली आणि त्याच हातांनी माझ्या कपाळाला हात लावला.

आता कागदाची गोष्ट, कारण खरा डाव तिथेच होता.

आधी भुवयांवर नंबिंग क्रीम, म्हणजे कातडी बधिर करणारं क्रीम, थापलं, बिनलेबलच्या पांढऱ्या डबीतलं. वरून क्लिंग फिल्म गुंडाळली. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) मार्च २०२४ मध्ये अशाच क्रीमबद्दल इशारा दिला होता: दुकानात मिळणाऱ्या क्रीममध्ये ४ टक्क्यांहून जास्त लिडोकेन (बधिर करणारं औषध) असेल तर टॅटूसारख्या कामांसाठी ते वापरू नका, आणि लावल्यावर वर प्लॅस्टिक गुंडाळू नका. क्रीम लावून, डोळ्यांच्या वर प्लॅस्टिक, मी आडवी, आणि तेव्हा हातात क्लिपबोर्ड आला. “फॉर्मॅलिटी आहे मॅडम, इथे आणि इथे सही.” मी वर असलेलं मोठ्या अक्षरातलं वाचलं: संमती आहे, फोटो काढायला हरकत नाही. पुढच्या पानावरच्या बारीक चौकोनांत त्यांनी आधीच टिक मारून ठेवल्या होत्या.

खरं तर हा कागद क्रीमच्या कितीतरी आधी, बसून भरायचा असतो. गरोदर आहात का, अंगावर पाजता का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, मधुमेह आटोक्यात आहे का, जखमेचा वण फुगतो का, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेतलंत का, ओठांचं काम असेल तर ओठांवर तापाच्या पुळ्या येतात का. यातला एकही प्रश्न मला कोणी विचारला नाही. मापंही झोपलेल्या अवस्थेतच घेतली. आडवं झालं की चेहऱ्याची कातडी सरकते, म्हणून आखणी बसवून करतात. माझी उजवी भुवई डावीपेक्षा वर का, त्याचं कारण बहुधा हेच.

काही दिवसांत भुवया सुजल्या, खाज सुटली, पाणी गळू लागलं. त्वचेच्या डॉक्टरांनी ॲलर्जी सांगितली आणि ब्लेडचं वर्णन ऐकून हेपटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या चाचण्या लिहून दिल्या. एवढ्यात काही दिसणार नाही म्हणून त्या नंतर पुन्हा करायच्या. मधला काळ कसा गेला ते नको विचारू.

स्टुडिओला फोन केला, तर त्यांनी माझ्याच फॉर्मचा फोटो पाठवला. त्यात पॅच टेस्टची, म्हणजे रंग आधी कातडीवर थोडासा लावून ॲलर्जी होते का ते बघायची, नोंद होती: ‘पॅच टेस्ट: केली. रिॲक्शन: नाही.’ खाली माझी सही. शेजारी टेस्टची तारीख. आणि ती तारीख होती मी त्यांना पहिला फोन करण्याच्या आधीची! कॉलची नोंद आणि ॲडव्हान्सची पावती दोन्ही माझ्याकडे होत्या. ॲलर्जी दिसायला ४८ तास, कधी जास्तही लागतात, म्हणून टेस्ट निदान एक-दोन दिवस आधी होते. ती तारीख कागदावर टाकायला त्यांना काही सेकंदच लागले असतील.

तारीख दाखवल्यावर सूर बदलला. पैसे परत देऊ, पण ‘कसलीही तक्रार नाही’ असं लिहून द्या. मी दिलं नाही. तक्रार केली आहे, फॉर्मचा तो फोटोही जोडला आहे. तुम्ही सही करणार असाल तर प्रत्येक पानाचा फोटो तिथेच काढा, आणि रंगाच्या बाटलीचा, ब्लेडच्या पाकिटाचाही. काढू देत नसतील तर ॲडव्हान्सवर पाणी सोडून सरळ बाहेर पडा.

हे सगळं काढायचं म्हणून लेझरचं विचारलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न: पिगमेंट, म्हणजे भुवयांत भरलेला रंग, कोणतं होतं? त्यात आयर्न ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असेल, तर लेझरने रंग उडायच्या ऐवजी काळा पडू शकतो. स्टुडिओ नाव सांगायला तयार नाही, बाटलीवरही काही नव्हतं. म्हणून आता भुवईच्या टोकाशी एका ठिपक्यावर लेझर मारून बघणार आहेत, आणि तो कसा बरा होतो त्यावर पुढचं ठरेल.