हालचाल मोजावी की मेंदूची विद्युत नोंद घ्यावी? अपस्माराच्या औषधचाचणीसाठी झेब्राफिशच्या पद्धतींची तुलना

अपस्माराच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांचे झटके उपलब्ध औषधांनी पुरते आटोक्यात येत नाहीत. त्यामुळे नव्या रेणूंचा शोध थांबलेला नाही आणि ज्या प्रयोगशाळेला शेकडो रेणू बेताच्या खर्चात तपासायचे आहेत, तिला झेब्राफिशच्या पिल्लांचा विचार करावाच लागतो. मासा ठरला तरी पिल्लाची हालचाल कॅमेऱ्याने टिपायची, मेंदूत इलेक्ट्रोड घालायचा, की पेटणाऱ्या चेतापेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, हे ठरवायचे राहतेच.

वेगाच्या बाबतीत हालचालीची पद्धत सर्वांत पुढे आहे. ९६ कप्प्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येकी एक, जेमतेम चार मिलिमीटर लांबीचे पिल्लू सोडायचे, पाण्यात पेंटिलीनटेट्राझोल हे झटके आणणारे रसायन मिसळायचे आणि कॅमेरा चालू करायचा. पिल्लू आधी सैरावैरा पळते, मग गरगर फिरते, शेवटी तोल जाऊन कुशीवर पडते. अडचण अशी की गुंगी आणणारे, स्नायू शिथिल करणारे किंवा सरळ विषारी असलेले द्रव्यही पिल्लाला शांत करते आणि संगणकाच्या आलेखात ते गुणकारी औषधासारखेच दिसते. हा दोष किरकोळ नाही. केवळ हालचालीवर काढलेल्या निष्कर्षावर मी तरी पुढचा खर्च करणार नाही.

विद्युत नोंद नेमकी याच ठिकाणी उपयोगी पडते. पिल्लू कोमट, पातळ अगारोजमध्ये (थंड झाल्यावर जेलीसारख्या घट्ट होणाऱ्या पदार्थात) पाठ वर करून ठेवतात. अगारोज थिजल्यावर काचेच्या अतिबारीक नळीचा इलेक्ट्रोड सूक्ष्मदर्शकाखाली पाहत अग्रमेंदूत किंवा ऑप्टिक टेक्टममध्ये (मेंदूच्या दृष्टीशी निगडित भागात) अलगद उतरवतात आणि साधारण दहा-पंधरा मिनिटे नोंद घेतात. झटक्यांच्या मधल्या काळात आखूड, लहान उंचीचे टोकदार तरंग दिसतात, तर प्रत्यक्ष झटक्यात काही सेकंद चालणारी उंच तरंगांची रांग उमटते. स्नायू लुळे करणारे द्रव्य देऊन पिल्लू पूर्ण स्थिर केले तरी ही रांग दिसतच राहते, त्यामुळे ती मेंदूतूनच येते याची खात्री पटते. नवख्यांची चूक मात्र भुलीच्या औषधात होते: माशांसाठी नेहमी वापरले जाणारे ट्रायकेन हे चेतापेशींच्या विद्युत संकेतांना लागणाऱ्या सोडियम मार्गिका रोखते, म्हणजे ते स्वतःच झटके दाबू शकते. किंमत मोजावी लागते ती वेळेत, कारण एका इलेक्ट्रोडवर एका वेळी एकच पिल्लू बसते.

दोन्ही पद्धतींची जोडणी कशी असावी हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतील स्कॉट बराबान यांच्या गटाने २०१३ साली दाखवले. द्रावे सिंड्रोम या बालपणात सुरू होणाऱ्या गंभीर अपस्माराशी निगडित जनुकाच्या माशातील प्रतिरूपात दोष असलेली पिल्ले त्यांनी घेतली. यांना रसायन न देताच झटके येतात, आणि ती भावंडांपेक्षा काळपट असल्याने डोळ्यांनीच निवडता येतात. ३२० संयुगे आधी हालचालीवर तपासली आणि त्यातून उरलेल्यांची मेंदूची नोंद घेतली. हालचाल कमी करणाऱ्या संयुगांपैकी काही दुसऱ्या चाळणीत गळाली. क्लेमिझोल हे जुने अँटिहिस्टामाइन (ॲलर्जीवरचे औषध) टिकले. त्याचा परिणाम सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाच्या ग्राहींमार्फत होत असावा, असे पुढील कामातून दिसले.

तिसऱ्या पद्धतीत, म्हणजे कॅल्शियम चित्रणात, चेतापेशी सक्रिय झाली की चमकते आणि झटका कुठून निघून कुठे पसरला हे पारदर्शक डोक्यातून दिसते. एक इलेक्ट्रोड एकाच जागेचे सांगतो, म्हणून हे आकर्षण समजण्यासारखे आहे. मात्र कॅल्शियमचा संकेत विद्युत तरंगाहून मंद असतो, उपकरण महाग असते आणि चित्रणाचा निळा प्रकाश माशालाही दिसतो. औषध का लागू पडले हे शोधताना ही पद्धत घ्यावी, पहिल्या चाळणीसाठी नको.

माशाऐवजी उंदीर वापरण्याची बाजूही दुबळी नाही. त्याच्या मेंदूला थरांचे बाह्यक (कॉर्टेक्स) आहे, जे माशाला नाही. त्याला वजनानुसार मात्रा देता येते आणि रक्तातील प्रमाण मोजता येते. तरीही उंदराच्या पारंपरिक विद्युतधक्का व पेंटिलीनटेट्राझोल चाचण्यांत लेव्हेटिरासिटाम हे अपस्माराचे औषध निष्प्रभ दिसले होते, आणि आज ते सर्रास दिले जाते. चाचणीत झटका कसा आणला यावर कोणते औषध सापडेल हे बरेचसे अवलंबून असते, आणि हे माशालाही लागू आहे. म्हणून एखाद्या जनुकीय अपस्मारावर काम करायचे असल्यास त्याच दोषाची पिल्ले घ्यावीत, हालचालीवर चाळावे आणि निवडलेल्या प्रत्येक संयुगाची विद्युत नोंद घ्यावी.

हालचालीत नापास झालेली थोडी संयुगेही नोंदीला लावावीत. पाण्यात मिसळलेले द्रव्य पिल्लाच्या मेंदूपर्यंत किती पोहोचते हे गृहीत धरता येत नाही, विशेषतः ते पाण्यात नीट विरघळत नसेल तर. अशा संयुगावर फुली मारण्याआधी पिल्ले धुऊन, वाटून त्यांच्यातील औषधाचे प्रमाण मोजून पाहावे.