जुन्या ब्रिटिश सचित्र पेपरांचं आर्काइव्ह, काही महिने वापरून: चित्रं झकास, पण कोड्याचं उत्तर कुठंय?

वर्गणी आपोआप रिन्यू झाली, कार्डावरून पौंडात पैसे गेले, वर बँकेचा फॉरेक्स मार्कअप वेगळा, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकतो. साइटचं नाव घेत नाही, रिफंडची बोलणी चालू आहेत.

मी मुख्यतः इलस्ट्रेटेड लंडन न्यूज या सचित्र साप्ताहिकासाठी घेतली. माहीत असेलच, १४ मे १८४२ चा पहिला अंक, १६ पानं, ३२ चित्रं, किंमत सहा पेनी. त्यात हॅम्बर्गच्या आगीचं चित्र, पण चित्रकार काही तिकडे गेला नव्हता, ब्रिटिश म्युझियममधलं शहराचं जुनं चित्र घेतलं आणि त्यावर ज्वाळा चढवल्या. व्हॉट्सॲप फॉरवर्डवाले उगाच बदनाम.

झूम मात्र एक नंबर. मोठ्या चित्रांत बारीक पांढऱ्या रेघा दिसतात, मला आधी स्कॅनचा दोष वाटला. तसं नाही. तेव्हा चित्रं बॉक्सवुडच्या लाकडी ठोकळ्यावर कोरून छापायचे, आणि ते झाडच बारीक असतं म्हणून मोठं चित्र करायला छोटे ठोकळे बोल्टने जोडायचे, घाई असली की सुटे करून एकेक तुकडा वेगळ्या कारागिराकडे द्यायचा आणि कोरून झाले की परत जोडायचे, सांधा नीट बसला नाही की रेघ उमटलीच.

मालमसाला म्हणाल तर काय नाही ते विचारा. संसद, पॅरिसच्या फॅशन, नाटकं, मृत्युलेख, जाहिराती, आणि याच पेपरात फेब्रुवारी १८४७ मध्ये जेम्स महोनीने आयर्लंडच्या दुष्काळाची काढलेली चित्रं. ती बघून पुढचं पान लगेच उलटवत नाही. प्रिन्स ऑफ वेल्स १८७५ मध्ये हिंदुस्थानात आला तेव्हा चित्रकार विल्यम सिम्पसन या पेपराकडून चित्रं काढायला बरोबर होता, मुंबईवाल्यांनी ते अंक चाळाच.

पण मी अडकलो बुद्धिबळाच्या सदरात. १८४५ पासून १८७४ मध्ये वारला तोपर्यंत ते हॉवर्ड स्टॉन्टन, त्या काळचा नावाजलेला इंग्लिश बुद्धिबळपटू, चालवत होता. वाचकांच्या पत्रांना उत्तरं असतात पण पत्र छापलेलंच नसतं, नुसती नावाची आद्याक्षरं आणि खाली उत्तर, ते पण बऱ्याचदा फटकारल्यासारखं. समोरच्याने काय विचारलं असेल याचा अंदाज करण्यात माझे रविवार गेलेत, बायको म्हणते भाजी आणायला सांगितलेली.

आता तक्रार. या सदरातलं बुद्धिबळाचं कोडं एका अंकात आणि उत्तर पुढच्या एखाद्या अंकात, आणि मला हवं ते नेमकं पानच गायब! सपोर्टला मेल केला तर "मूळ प्रतच अशी आहे". परत केला, परत तेच, शब्द न शब्द तोच. पैसे घेताना बरी माणसं असतात यांच्याकडे.

अपडेट: पान सापडलं. पुरवणी वेगळी स्कॅन करून वर्षाच्या शेवटी टाकलीय, सर्चमध्ये येतच नाही, हाताने शोधावी लागते. म्हणजे सपोर्टवाल्यांनी स्वतःची साइट उघडूनही बघितली नव्हती. एक स्टार वाढवतो, पण तो स्टॉन्टनला.

दोन पानी चित्रं मधोमध कापलेली आहेत, ते चालवून घेतो.

घ्यायचंच असेल तर एक महिन्याचा प्लॅन घ्या, आणि ऑटो-रिन्यूचं टिक पैसे भरल्या भरल्या काढा, ते सेटिंग्जमध्ये पार तळाला लपवलंय.