घरातील बीपी मशीन : काही महिन्यांच्या वापरानंतर

दंडाला पट्टा गुंडाळून वापरायचे साधे डिजिटल बीपी मशीन आम्ही गेल्या पावसाळ्यात घेतले. ते माझ्या माहेरी, बेळगावात अनगोळला असते. मी शहापूरला राहते आणि तिकडे गेले की आकड्यांची वही पाहते. आईला मूत्रपिंडाचा जुना विकार आहे, म्हणून मशीन तिच्यासाठी आणले होते, परंतु त्याचा सर्वांत मोठा उपयोग झाला तो उद्यमबागेतील एका फाउंड्रीत काम करणाऱ्या, अजून चाळिशीही न गाठलेल्या माझ्या धाकट्या भावाला. दोन हजारांच्या आसपास गेलेले पैसे वसूल झाले, असे माझे मत आहे. मात्र या मशीनकडून काय अपेक्षा ठेवावी आणि काय ठेवू नये, हे खोक्यावर कोठेही लिहिलेले नसते, म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहीत आहे.

प्रथम पट्ट्याविषयी, कारण निम्मी गडबड तेथेच होते. सोबत मिळणारा पट्टा साधारणपणे २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. भावाचा दंड शिलाईच्या टेपने मोजला, तेव्हा तो ३५ सेंटिमीटर भरला. लहान पट्टा जाड दंडावर ताणून बसवला की आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. दुकानदाराने "एकच साइज सगळ्यांना चालते" असे ठासून सांगितले होते. ते खरे नव्हते. मोठा पट्टा वेगळा मागवावा लागला आणि तो येईपर्यंत भावाच्या आकड्यांवर कोणीच विश्वास ठेवला नाही, खुद्द भावाने तर मुळीच नाही. "आक्का, तुझं मशीन खोटं सांगालंय," हे त्याचे ठरलेले वाक्य होते. मोठ्या पट्ट्यावरही आकडा थोडासाच खाली आला, तेव्हा तो गप्प झाला. खरेदी करणाऱ्यांनी आधी दंड मोजावा आणि मगच दुकानात जावे. मनगटावर बांधायची मशीन दिसायला सुटसुटीत असली, तरी हात हृदयाच्या पातळीपासून थोडा जरी वरखाली झाला की त्यांचा आकडा बदलतो. म्हणून आम्ही ती घेतली नाहीत.

मोजण्याची रीत डॉक्टरांनी एकदा नीट समजावून दिली आणि ती पाळली, तरच वहीला अर्थ राहतो. पाच मिनिटे शांत बसायचे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, दंड हृदयाच्या पातळीला, लघवी करून आलेले आणि मोजताना बोलणे बंद. सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचे. हे सलग आठवडाभर करून पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. चहा, कॉफी, तंबाखू यांनंतर निदान अर्धा तास जाऊ द्यायचा. आमच्या आईचे माहेर निपाणीकडचे असल्यामुळे सकाळी उठल्याबरोबर मशेरी लावण्याची तिची सवय जुनी, आणि मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. मशेरीच्या आधीचा आणि नंतरचा आकडा तिला शेजारीशेजारी लिहून दाखवला, तेव्हा मशेरी सुटली नाही, पण ती मोजणीनंतर लावण्यावर तडजोड झाली. दवाखान्यात १४०/९० ही जी मर्यादा धरतात, ती घरच्या मोजणीत १३५/८५ धरायची असते, हे पुष्कळ जणांना माहीत नसते.

आईच्या बाबतीत मशीनने फार मोठे काही उलगडले नाही, पण एक गोष्ट कामी आली. तिचे बसून मोजलेले बीपी ठीक असे, मात्र पहाटे उठताना तिला अंधारी येई. डॉक्टरांनी उभे राहून एक आणि तीन मिनिटांनीही मोजायला सांगितले, तेव्हा वरचा आकडा वीसहून अधिक खाली जातो असे दिसले आणि त्यांनी गोळ्यांच्या वेळा व मात्रा बदलल्या. गुडघ्यांसाठी ती मधूनमधून दुकानातून आणून खात असलेली वेदनाशामक गोळीही त्याच वेळी बंद झाली, कारण त्या जातीच्या गोळ्या बीपी वाढवतात आणि आधीच दुखावलेल्या मूत्रपिंडाला आणखी दुखावतात. मूत्रपिंड बिघडले की बीपी चढते आणि चढलेले बीपी मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या निकामी करते. त्यामुळे आधी काय झाले, हे उशिरा आलेल्या रुग्णात सांगणे कठीण जाते. तिच्याबाबत मशीनपेक्षा रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन या दोन तपासण्याच जास्त बोलतात. बीपी असलेल्या प्रत्येकाने त्या वर्षातून एकदा तरी करून घ्याव्यात. आमच्याकडे शुगर तपासण्याची सवय लागली आहे, लघवी तपासण्याची अजून लागलेली नाही.

आता भावाविषयी. त्याला बीपीची एक गोळी सुरू झाली, मग दुसरी, मग लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी तिसरी. दवाखान्यात गर्दी, घाईघाईत एकदा मोजणी, आकडा जास्त दिसला की "टेन्शन घेऊ नका, मीठ कमी करा" असा सल्ला आणि पुढची तारीख. घरी शांतपणे मोजलेले आकडे वहीत एकाखाली एक उतरल्यावर चित्र वेगळे दिसू लागले. वहिनी गोळ्या स्वतःच्या हाताने देत होती, म्हणजे गोळी चुकण्याचा प्रश्न नव्हता. पट्टा योग्य मापाचा होता. घरीही आकडे चढेच होते, म्हणजे डॉक्टरांना पाहून बीपी वाढते, हाही खुलासा लागू पडत नव्हता. तरीही सकाळचा आकडा १५५/९८ च्या आसपास ठाण मांडून बसलेला. मूत्रल गोळीसह तीन प्रकारच्या गोळ्या पुरेशा मात्रेत घेऊनही बीपी आटोक्यात येत नसेल, तर त्याला औषधांना दाद न देणारा रक्तदाब म्हणतात आणि तेथे चौथी गोळी जोडण्याआधी कारण शोधायला हवे.

ती वही घेऊन आम्ही दुसऱ्या एका फिजिशियनकडे गेलो. त्यांनी पाने शांतपणे चाळली आणि दोनच प्रश्न विचारले : पायांत पेटके येतात का, आणि रात्री लघवीला वारंवार उठावे लागते का? दोन्हींचे उत्तर होकारार्थी होते. भट्टीसमोर दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाला पेटके येणारच, असे आम्ही सर्वांनीच गृहीत धरले होते. रक्तातील पोटॅशियम ३.१ आले, ते साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावे लागते. मूत्रल गोळीनेही पोटॅशियम उतरते, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरवता येत नाही, हे त्यांनी स्पष्ट केले आणि अल्डोस्टेरॉन व रेनिन यांची तपासणी लिहून दिली.

हे दोन शब्द समजले की मूत्रपिंड, संप्रेरके आणि बीपी यांचे नाते समजते. मूत्रपिंडाला रक्ताचा पुरवठा कमी पडतो आहे असे जाणवले की ते रेनिन सोडते. त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते, रक्तवाहिन्या आकसतात आणि मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन सोडतात, जे मूत्रपिंडाला मीठ राखून ठेवायला आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावते. रक्ताचा दाब पुरेसा झाला की रेनिन थांबते आणि त्यामागोमाग अल्डोस्टेरॉनही उतरते. काही जणांत मात्र ही ग्रंथी हुकूम नसतानाच अल्डोस्टेरॉन सोडत राहते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॉ. जेरोम कॉन यांनी १९५५ साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. तो फार दुर्मीळ आहे, अशी समजूत बराच काळ होती. आता तसे मानले जात नाही. शिवाय अशा अनेक रुग्णांचे पोटॅशियम अगदी सामान्य असते, त्यामुळे केवळ पोटॅशियम ठीक आहे म्हणून ही शंका बाजूला सारणे बरोबर नाही.

तपासणीपूर्वी पोटॅशियम भरून काढावे लागले, कारण ते कमी असेल तर अल्डोस्टेरॉनचा आकडा फसवा येतो. मीठ त्या काळात मुद्दाम कमी करायचे नव्हते. रक्त सकाळी, उठून दोनएक तास हिंडल्याफिरल्यावर आणि थोडा वेळ बसवून घेतले गेले. नमुना बेळगावाबाहेर मोठ्या शहरात पाठवला गेला आणि अहवालासाठी अनेक दिवस थांबावे लागले. ज्या प्रयोगशाळेत रक्त दिले, तेथे चौकशी केली की प्रत्येक वेळी "उद्या या" एवढेच उत्तर मिळे. भावाला चालू असलेल्या दोन गोळ्या रेनिन वाढवणाऱ्या होत्या, आणि तरीही त्याचे रेनिन अगदी दबलेले व अल्डोस्टेरॉन चढलेले आले. गोळ्या चालू असताना आलेल्या या निकालाला म्हणूनच अधिक वजन आहे, असे डॉक्टर म्हणाले. पुढे सलाइन देऊन अल्डोस्टेरॉन दबते का ते पाहिले, दबले नाही. सीटी स्कॅनमध्ये गाठ नव्हती.

एकाच बाजूची ग्रंथी दोषी असेल, तर ती दुर्बिणीने काढता येते. दोन्ही बाजूंचा दोष असेल, तर औषध. ते ठरवण्यासाठी दोन्ही ग्रंथींच्या शिरांतून वेगवेगळे रक्त घेण्याची कौशल्याची तपासणी असते आणि ती मोजक्याच मोठ्या केंद्रांत होते. भावाची शस्त्रक्रियेची तयारी नव्हती, म्हणून डॉक्टरांनी स्पायरोनोलॅक्टोनची २५ मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. ही गोळी अल्डोस्टेरॉनला त्याच्या कामाच्या जागी अडवते. ती नवीन नाही, महागही नाही. ब्रिटनमधील पाथवे-२ या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले, तीन औषधांना न जुमानणाऱ्या बीपीवर चौथे औषध म्हणून ती बिसोप्रोलोल आणि डॉक्साझोसिन यांच्यापेक्षा सरस ठरली होती.

परिणाम एका रात्रीत दिसला नाही. वही नसती, तर पहिल्या पंधरवड्यात भावाने गोळी सोडून दिली असती, असे मला वाटते. आठवड्यागणिक सरासरी थोडी थोडी उतरत गेली आणि सध्या ती १२८/८२ च्या आसपास आहे. जुन्या गोळ्यांपैकी एक बंद झाली, पेटके गेले आणि रात्रीचे उठणेही कमी झाले. या गोळीने पुरुषांच्या छातीत हुळहुळेपणा किंवा फुगवटा येऊ शकतो. भावाला थोडा हुळहुळेपणा जाणवतो. फार वाढला, तर एप्लेरेनोन नावाचे दुसरे औषध आहे. पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची तपासणी ठरल्या वेळी करावीच लागते, कारण आता धोका उलट बाजूचा, पोटॅशियम वाढण्याचा आहे.

याच कारणाने किराणा दुकानात "बीपीवाल्यांसाठी" म्हणून मिळणारे कमी सोडियमचे मीठ आमच्या घरात वर्ज्य झाले. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते आणि ते भावाला त्याच्या गोळीमुळे व आईला मूत्रपिंडामुळे घातक ठरू शकते. साधे मीठच कमी खायचे, एवढाच उपाय उरतो. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ठेचा, लोणचे, पापड आणि सुका बांगडा ज्या ताटात नेमाने असतात, त्या ताटाला ती किती जड जाते, हे मी सांगायला नको. ज्येष्ठमधाबद्दलही सांगितले पाहिजे. खोकल्यासाठी चार दिवस काढा घेणे वेगळे, पण रोज भरपूर ज्येष्ठमध पोटात गेले, तर त्यातील ग्लिसरायझिन हे द्रव्य शरीरात अल्डोस्टेरॉन वाढल्यासारखाच परिणाम घडवते : बीपी चढते, पोटॅशियम उतरते.

मशीनच्या उणिवाही आहेत. मोबाइल अॅपमध्ये मराठीही नाही आणि कन्नडही नाही, त्यामुळे आईला त्याचा काही उपयोग नाही. आम्ही ते काढून टाकले आणि शाळेची दोनशे पानी वही वापरतो. पेन्सिल सेल कमजोर झाले की पट्टा अर्धवट फुगून थांबतो. अनियमित ठोक्यांचे चिन्ह आईच्या बाबतीत दोनदा उमटले. ईसीजी सामान्य आला, पण चिन्ह दिसल्यावर तो काढणे आवश्यकच होते. हे मशीन ठोक्यांच्या स्पंदनांवरून हिशेब करून आकडा देते, म्हणून ज्यांचे ठोके कायम अनियमित असतात त्यांनी त्याच्यावर विसंबण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. आणि मशीन कारण सांगत नाही. भावाचे कारण अधिवृक्क ग्रंथीत निघाले. दुसऱ्या कोणाचे मूत्रपिंडाच्या आकसलेल्या धमनीत, थायरॉइडमध्ये किंवा घोरण्यात निघेल. एकाएकी डोके ठणकणे, घाम फुटणे आणि छाती धडधडणे असे झटके येत असतील, तर तीही याच ग्रंथीच्या दुसऱ्या एका गाठीची खूण असू शकते. तिशीच्या आत चढलेले बीपी किंवा तीन गोळ्यांना न जुमानणारे बीपी असेल, तर डॉक्टरांना कारणाविषयी स्पष्ट विचारावे आणि विचारताना वही पुढे ठेवावी.

घेतल्यावर एकदा आणि नंतर दरवर्षी मशीन दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून घ्यावे. आमचे वरच्या आकड्यात चार-पाचने जास्त दाखवते, तेवढे डॉक्टरांनी चालेल म्हणून सांगितले आहे. मोठ्या पट्ट्याचे वेल्क्रो मात्र आताच सैल पडू लागले आहे.