ओपन सोर्सला मालकी अटींची जोड: कोणता मार्ग कोणासाठी?

कोड खुला ठेवायचा आहे, पण एखाद्या बड्या क्लाउड कंपनीने तो उचलून आपल्याच ग्राहकांना विकू नये, ही छोट्या सॉफ्टवेअर कंपनीची काळजी रास्तच आहे. त्यासाठी मालकी अटी, म्हणजे वापरावर किंवा विक्रीवर मालकाने घातलेली बंधनं, जोडण्याचे चार मार्ग दिसतात. त्यातला एक टाळावा असं माझं ठाम मत आहे, म्हणून आधी तोच.

तो म्हणजे तयार ओपन सोर्स लायसन्सखाली स्वतःचं कलम चिकटवणं. सॉफ्टवेअर विकायचा हक्क काढून घेणारं ‘कॉमन्स क्लॉज’ २०१८ मध्ये असंच आलं. निओफोरजे या डेटाबेसच्या एन्टरप्राइज आवृत्तीला एजीपीएलसोबत ते जोडलं गेलं. (एजीपीएल म्हणजे कोड बदलून नेटवर्कवरून सेवा दिली, तरी तो बदललेला कोड खुला करायला लावणारं ओपन सोर्स लायसन्स.) आता एजीपीएलच्याच सातव्या कलमात म्हटलंय की, कोणी वरून जादा बंधन घातलं असेल तर कोड घेणारा ते काढून टाकू शकतो. त्यावर बोट ठेवून काहींनी क्लॉज काढला, कोड वाटायला सुरुवात केली आणि प्रकरण अमेरिकेतल्या कोर्टात गेलं. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने निओफोरजे कंपनीच्या बाजूने कौल दिला. पण एकाच लायसन्समध्ये एकमेकांना छेद देणारी दोन वाक्यं ठेवली, की अर्थ लावायला वकील लागणारच. दहा माणसांच्या कंपनीला ती चैन परवडत नाही.

दुहेरी लायसन्स त्यापेक्षा कितीतरी स्वच्छ. मायएसक्यूएल आणि क्यूटी ही त्याची जुनी उदाहरणं. जीपीएल हे कोड वाटताना त्यावर रचलेला कोडही खुला ठेवायला लावणारं लायसन्स; ते पाळणाऱ्याला कोड फुकट. ज्याला स्वतःचा कोड बंद ठेवून त्यात तो वापरायचाय, त्याने पैसे भरून व्यावसायिक लायसन्स घ्यायचं. इतरांच्या प्रॉडक्टमध्ये बसणारी लायब्ररी असेल तर हा मार्ग उत्तम. सर्व्हरवर चालणारी सेवा असेल तर साधं जीपीएल पुरत नाही, कारण सर्व्हरवर चालवणं म्हणजे कोडचं वाटप नव्हे. तिथे एजीपीएलच हवं. मोठी अट एकच: सगळ्या कोडचा कॉपीराइट तुमच्याकडे हवा, किंवा तो दुसऱ्या लायसन्सखाली देण्याची लेखी परवानगी तरी हवी. बाहेरच्या कोणी जीपीएलखाली पाठवलेला कोड तुम्ही परस्पर व्यावसायिक लायसन्सखाली विकू शकत नाही.

ओपन कोअरमध्ये, म्हणजे गाभा खुला आणि जादा फीचर्स विकत, ही सरमिसळच टळते. गिटलॅब या कोड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची रिपॉझिटरी (कोडचा साठा) उघडून पाहा: ‘ईई’ नावाच्या फोल्डरमधल्या कोडला मालकी लायसन्स, बाकी बहुतेक सगळा एमआयटी या अगदी मोकळ्या लायसन्सखाली. कुंपण फोल्डरपाशीच दिसतं. त्रास वेगळाच: तुम्ही पैसे घेऊन विकत असलेलं फीचर कोणी लिहून खुल्या भागासाठी पाठवलं, तर घ्यायचं की नाकारायचं? हे आधी ठरवून जाहीर केलं नाही, तर चांगले लोक दुखावतात.

राहिलं बीएसएल, म्हणजे ‘बिझनेस सोर्स लायसन्स’. कोड सगळ्यांना दिसतो, ठरावीक वापर वर्ज्य असतो आणि जास्तीत जास्त चार वर्षांनी ती आवृत्ती आपोआप ओपन सोर्स होते. अट वापरावरच असल्यामुळे ओपन सोर्स कशाला म्हणायचं हे ठरवणाऱ्या ‘ओपन सोर्स इनिशिएटिव्ह’ या संस्थेच्या व्याख्येत हे बसत नाही. तेव्हा वेबसाइटवर ‘ओपन सोर्स’ असं लिहू नका. नवं प्रॉडक्ट पहिल्या दिवसापासून बीएसएलखाली आणलं तर मला त्यात काही गैर दिसत नाही, कारण येणारा अट वाचूनच येतो. लोकांनी वर्षानुवर्षं हातभार लावलेल्या कोडवर मागाहून अट घालणं मात्र महागात पडतं. हॅशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये आपलं टेराफॉर्म हे टूल बीएसएलखाली नेलं आणि काही आठवड्यांतच ओपनटोफू हा फोर्क, म्हणजे जुन्या खुल्या कोडवरून काढलेला वेगळा प्रकल्प, उभा राहिला. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसने बीएसडी हे मोकळं ओपन सोर्स लायसन्स सोडलं, त्याच महिन्यात त्याचा व्हॅल्की हा फोर्क निघाला. पुढच्या वर्षी रेडिसला एजीपीएलचा पर्याय द्यावा लागला.

मालकी अट न घालताही धंदा होतो, हेही विचारात घ्या. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय सांभाळायचं सॉफ्टवेअर जीपीएलखाली पूर्ण खुलं आहे. कंपनी होस्टिंगमधून कमावते आणि नावाचं रक्षण ट्रेडमार्क धोरणाने करते. तुमचे ग्राहक कोडपेक्षा सेवेसाठी पैसे मोजत असतील, तर मी आधी हाच हिशेब मांडून पाहीन. तो जमला नाही, तर लायब्ररीला दुहेरी लायसन्स आणि मोठ्या ॲप्लिकेशनला ओपन कोअर. दोन्हींत बाहेरच्या कोणी पाठवलेला पहिला पॅच (कोडमधला बदल) स्वीकारण्याआधी, तो कोड दुसऱ्या लायसन्सखालीही देण्याची परवानगी देणाऱ्या योगदान करारावर सही घ्या; नंतर एकेकाला शोधून संमती मिळवणं फार जिकिरीचं होतं.